अकरा महिने तुमचे, बारावा माझा

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्या अंगणात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून बसले होते. हेल्मेट मोटारसायकलचं नव्हे, कारखान्यात घालतात तसलं. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, पायात काही नाही. वर काही बांधकाम चालू असेल म्हणून मी मान वर केली, तर तिथे फक्त एक नारळाचं झाड होतं.

"नारळ पडतात का?" मी विचारलं.

"आजून एकबी लागला न्हाई."

"मग हेल्मेट?"

"लागल्यावर घालून काय उपेग? पयला नारळ काय सांगून पडतोय व्हय?"

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागले. नाव मुद्दाम सांगत नाही. आबा हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि आपल्याविषयी कोणी काही लिहिलंय असं कळलं, तर त्यात काय काय चुकलंय ते सांगायला माझ्या कंपनीच्या गेटवर येऊन बसतील.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ॲडमिनला आहे. परदेशातून दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या इंजिनिअर लोकांना राहायला घर शोधून देणं, हे माझ्या अनेक कामांतलं एक. ऐकायला साधं वाटतं, पण प्रकार लग्न जुळवण्याचा आहे. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची भाषा येत नसते, दोघांनाही आपण फसणार याची खात्री असते, आणि मध्ये एक एजंट असतो, ज्याला दोन्ही बाजू सारख्याच पसंत असतात. आमच्या एजंटचं घोषवाक्य 'टेन्शन नको मॅडम' असं होतं. ते वाक्य ऐकलं की मला टेन्शन यायचं.

या धंद्यात एक गंमत माझ्या लवकर लक्षात आली. परदेशी माणसाला घरमालक कधी आडनाव विचारत नाहीत. तो काय खातो, किती वाजता येतो, त्याच्याकडे बायका येतात का, हे सगळं विचारतात; पण आडनाव नाही. कारण ते ऐकून त्यांना काहीच कळणार नसतं. मी नोकरीसाठी या भागात आले तेव्हा मला मात्र तीन दारांत आधी आडनावच विचारलं, आणि ऐकल्यावर तिन्ही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. अजून कळवताहेत. शेवटी मोशीत एका नर्सबाईंनी मला खोली दिली, म्हणून मी आज लोकांना घरं मिळवून देते.

त्या वर्षी आमच्याकडे कोरियाहून हानसाहेब आले. रंगकामाची नवी लाइन बसवायची होती, मुक्काम तीन वर्षांचा. चिंचवडच्या हॉटेलात राहून आणि रोज पनीर खाऊन त्यांचा चेहरासुद्धा पांढरट, चौकोनी दिसायला लागला होता. बायको आणि पाच वर्षांची मुलगी तिकडेच होत्या. बायकोचं म्हणणं, आधी घर पक्कं करा, मग आम्ही येतो. इथल्या घरमालकांचं म्हणणं, आधी फॅमिली आणून दाखवा, मग घर देतो; एकट्या बाप्याला देत नाही. हानसाहेबांनी मोबाइलवर बायको-मुलीचा फोटो दाखवला, तर एक मालक मला हळूच म्हणाले, "फोटो काय मॅडम, कुनाचाबी दाखवता येतो."

वाकडच्या एका सोसायटीत सगळं जमलं होतं, पण कमिटीला त्यांच्या स्वयंपाकाचा वास येईल अशी भीती वाटली. वास यायच्या आधीच वाटली. मारुंजीतला फ्लॅट तर ठरल्यातच जमा होता, पण ऐनवेळी मालकाच्या मेहुण्याला तोच फ्लॅट हवासा झाला. आमच्या भागात ठरलेली घरं मोडायला मालकांना मेहुणे असतात. हानसाहेब कधी आवाज चढवत नसत. नकार आला की वाकून मालकाचे आभार मानत, आणि मालक बिचारे गडबडून जात. पण एक दिवस कँटीनमध्ये ते मला म्हणाले, "माझी मुलगी आता फोनवर माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. या महिन्यात घर मिळालं नाही, तर मी कंपनीला सांगून परत जाणार."

मला त्यांची दया आली, आणि आपल्या माणसांचा रागही आला. त्याच संध्याकाळी मी एजंटला फोन लावून झापलं. तो म्हणाला, "एक घर आहे मॅडम. झकास आहे, मोकळं आहे, फॅमिली मागत नाही. फक्त मालक जरा सरकलेला आहे."

अशा रीतीने आम्ही तिघं हेल्मेटसमोर जाऊन उभे राहिलो.

घर चाकणच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, गावाच्या कडेला. खाली आबा आणि त्यांची बायको, म्हणजे आक्का. वरचा मजला स्वतंत्र जिन्याचा. आबांची जमीन कारखान्यात गेली, त्यातून हा बंगला उभा राहिला, आणि पुढे त्याच कारखान्याच्या गेटवर आबांनी नोकरी केली. 'आमच्याच वावरात आमी लोकांचं पास तपासायचो,' असं ते सांगत. यात त्यांना दुःख वाटत होतं की विनोद, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हेल्मेट त्या नोकरीतलं.

वरचा मजला खरंच झकास होता. मोठ्या खिडक्या, स्वच्छ ओटा, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, गॅलरीतून दिसणारं कांद्याचं शेत आणि त्याच्या पलीकडे कंपन्यांच्या शेड. हानसाहेबांनी न सांगता दाराबाहेर बूट काढले. आबांनी ते बघितलं आणि मला म्हणाले, "हां. आता मी घराच्या खोटी सांगतो. तू त्यास्नी एकेक समजावून सांग. येक बी गाळू नको."

आणि त्यांनी खरोखरच सुरुवात केली. पाणी एक दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. कंपनीचा भोंगा पहाटे असा वाजतो की झोपलेला माणूस उठून बसतो. कुत्री आहेत, ती नव्या माणसाला ओळखायला वेळ घेतात. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. कांद्याच्या हंगामात वासाने डोकं उठतं. चौकातली ट्रकची गर्दी सुटता सुटत नाही, त्यामुळे घरी कधी पोहोचाल ते घरी पोहोचल्यावरच कळतं.

एजंट माझ्या कानाशी लागला. "मॅडम, एवढं सगळं भाषांतर करायची काय गरज आहे? शेवटचं तेवढं सांगा ना."

पण आबांची नजर माझ्या तोंडावर होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आपण किती बोललो आणि ही किती बोलते याचा हिशोब ते ठेवत होते. मी सगळं सांगितलं. हानसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

आबांना उमाळाच आला. इतकी वर्षं लोक दुसऱ्या खोटीलाच जिन्याकडे बघू लागत. "मानूस हाय," ते आक्कांना म्हणाले, आणि मग हानसाहेबांकडे वळले. "आता तुमच्या खोडी सांगा."

ही आबांची परीक्षा. घराने आपल्या खोटी सांगितल्या, आता भाडेकरूने आपल्या खोडी सांगायच्या. आडनाव नाही, पगार नाही, गाव नाही. यात फार लोक नापास झाले होते. हिंजवडीच्या एका मुलाने 'मी कामात फार परफेक्शन बघतो, हीच माझी खोड' असं उत्तर दिलं, तर आबा त्याला म्हणाले, 'मंग आमचं घर तुला न्हाई चालायचं बाळा, ते पर्फेक न्हाई.' मला त्यांनी विचारलं नव्हतं, मी भाडेकरू थोडीच होते! पण आपण काय सांगितलं असतं याचा मी नंतर बरेच दिवस विचार करत होते.

हानसाहेबांनी बोटं मोजायला घेतली. मग म्हणाले, "मी घोरतो. बायको कोबीचं लोणचं घालते, त्याला वास येतो. मुलगी हट्टी आहे. आणि मला राग आला की मी बोलत नाही, दोन-दोन दिवस बोलत नाही."

मी भाषांतर केलं. आक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्हंजी आपल्यासारखंच की."

"दिलं घर," आबा म्हणाले. "पन एक हाय. अकरा महिने तुमचे, बारावा माझा."

आता आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, की भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करतात. सगळेच करतात. मुदत संपली की पुन्हा अकरा. माणसं अकरा-अकरा करत दहा वर्षं एका घरात काढतात, तिथंच मुलांच्या मुंजी आणि लग्नं करतात. तेव्हा आबांचं वाक्य मला साधंच वाटलं. फक्त जरा ऐटीत म्हटलेलं. हानसाहेबांना मात्र कोड्यात पडल्यासारखं झालं. गाडीत त्यांनी मला विचारलं, "बाराव्या महिन्यात आम्ही कुठे राहायचं?"

"तिथंच हो! ते नुसतं कागदावर असतं."

"पण ते म्हणाले, माझा."

"टेन्शन नको," मी म्हणाले. एजंटच्या सहवासाचा परिणाम.

महिनाभरात बायको-मुलगी आल्या. मुलीचं नाव युना. पहिल्या आठवड्यातच तिने आबांच्या खुर्चीशेजारी आपली छोटी खुर्ची मांडली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नसे, तरी तास-तास बोलत. आबांनी तिच्यासाठी एक लहान हेल्मेट पैदा केलं. झाडाखाली एक म्हातारा आणि एक मुलगी, दोघंही पिवळी हेल्मेटं घालून न लागलेल्या नारळांची वाट बघत बसलेली, असं दृश्य मला दर भेटीत दिसायचं. हानसाहेब जेवणाच्या सुट्टीत मला घरच्या गोष्टी सांगू लागले. एकदा तर नुसतेच हसत होते. विचारलं तर म्हणाले, "काल युना मला रागावून बोलली. पाहुण्यांना ती रागवत नाही."

कोबीच्या लोणच्याचंही रामायण झालं. हानबाईंनी मोठी बरणी भरून जिन्याखाली गारव्याला ठेवली. आक्कांनी ती पाहिली आणि त्यांचं मन कळवळलं. परदेशातली पोर, आई जवळ नाही, लोणच्याला ऊन दाखवायचं असतं हेसुद्धा हिला कोणी शिकवलं नाही! त्यांनी बरणी उचलून गच्चीवर रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली आणि तिचं झाकण घट्ट आवळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर असा आवाज झाला की कुत्री गावाबाहेर पळाली. आबा हेल्मेटचा पट्टा आवळत जिना चढले. बरणी फुटून सगळ्या गच्चीभर कोबी. 'बगा,' ते खाली येऊन अभिमानाने म्हणाले, 'ह्ये डोक्यावर व्हतं म्हनून.' त्यांना काहीही लागलेलं नव्हतं, पण हेल्मेट सार्थकी लागलं. आक्का आणि हानबाई आधी रडल्या, मग हसल्या, आणि तेव्हापासून एकमेकींच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय जाऊ लागल्या.

आबांचा रविवार मात्र ठरलेला असे. संध्याकाळी ते हेल्मेट काढून केस विंचरत, आक्का नवी साडी नेसत, आणि ओसरीवर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला जाई. जर्मनीहून पोराचा फोन यायचा. तो तिकडे जाऊन चार वर्षं झाली होती. वरचा मजला आबांनी त्याच्यासाठीच बांधला होता. तो पाश्चात्त्य संडास, त्या मोठ्या खिडक्या, सगळं त्याला विचारून. दर रविवारी आबा विचारत, "कवा येतोयस?" आणि पोरगा म्हणे, "पुढच्या वर्षी, आबा. नक्की." मग आबा फोन बंद करून हेल्मेट परत घालत.

त्या पोराची तिकडे एकच रड होती: घर. तो आणि त्याची बायको कोणाच्या तरी घरातल्या एका खोलीत दिवस काढत होते. घरांसाठी ईमेल करत, पण उत्तरच येत नसे. एकदा त्याने तिकडच्या एका मित्राच्या नावाने ईमेल केली, तर त्याच घरमालकाचं तासाभरात उत्तर आलं. आबांना हे कळेना. "घर देत न्हाईत म्हंजी? आमचं आडनाव सांगितलं न्हाईस का?" ते विचारत. पोरगा म्हणे, "सांगितलं म्हणूनच देत नाहीत, आबा."

ज्या आडनावाला आमच्या तालुक्यात पाट टाकतात, त्या आडनावाला तिकडे कोणी उत्तरही देईना. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. आणि अगदी खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

शेवटी एक म्हातारी जर्मन बाई घर द्यायला तयार झाली. पण तिकडची रीत अशी, की आधीच्या घरमालकाने भाडेकरूविषयी दोन शब्द सांगावे लागतात. खोलीवाला सांगायला तयार नव्हता. बाई म्हणाली, मग भारतातल्या घरमालकाशी बोलणं करून द्या. आता याचा भारतातला घरमालक कोण? तर आबा.

बाईंना इंग्रजी येत होतं, पण पोराने स्वतःविषयीचंच भाषांतर करणं बरं दिसेना, म्हणून मला बोलावणं आलं. आबा त्या दिवशी हेल्मेट घालूनच बसले. घरमालक म्हणून बोलायचं होतं, बाप म्हणून नव्हे. फोनच्या एका चौकटीत ती पांढऱ्या केसांची बाई, एका चौकटीत पोरगा, घाम पुसत.

बाईंनी विचारलं, भाडेकरू कसा आहे?

"ह्यो माझ्याकडं जल्मापासून राह्यला," आबा म्हणाले. "लाइटी बंद करत न्हाई. नळ सोडून फोनवर बोलत बसतो. सुट्टीच्या दिशी दुपारपातुर उठत न्हाई. जेवताना ताटात टाकतो. भाडं कदी दिलं न्हाई."

"आबा!" चौकटीतून आवाज आला.

"गप. घर द्यायचं तर खरं कळाय नगं व्हय त्यांस्नी?" आबांनी हेल्मेट सारखं केलं. "आन नोटीस न देता गेला. चार वर्सं झाली, मजला रिकामा करून दिला न्हाई. सामान तसंच हाय. तांब्या-पितळ्याचं न्हाई म्हनत मी."

मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना मला अडखळायला झालं. बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, त्याचा काही गुण?

"दाराबाहेर चपला काढतो," आबा म्हणाले. "त्येवडं आक्कानं शिकवलंय."

बाई म्हणाल्या, दोन आठवड्यांत सांगते. पोराने मला मागाहून मेसेज केला, 'ताई, आबांनी माझी वाट लावली.' मीही तेच समजत होते.

हे सगळं चाललं होतं तोवर हानसाहेबांचे अकरा महिने भरत आले. मी नवा करार तयार करवून घेतला आणि सह्यांसाठी रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दार उघडलं तर आत खोकीच खोकी. भिंतीवरची चित्रं काढलेली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. हानबाईंचे डोळे सुजलेले. युना कुठे दिसेना. ती खाली आक्कांच्या मांडीवर होती, तिथून हलायला तयार नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"बारावा महिना," हानसाहेब म्हणाले. "मी हॉटेलची खोली घेतली आहे. ह्या दोघी परत जातील. पुन्हा घर मिळालं तर येतील. मिळालं तर."

मला हसू फुटलं. मी म्हणाले, अहो, मी सांगितलं होतं ना, ते कागदावरचं असतं! हानसाहेब हसले नाहीत. वाकून मला म्हणाले, "त्यांनी घराची एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. मग ही एकच कशी खोटी असेल?"

मी तरातरा खाली गेले. आबा ओसरीवर केस विंचरत बसले होते, तांब्याला मोबाइल टेकवलेला. "आबा, तुमच्या बोलण्याचा त्यांनी भलताच अर्थ काढला. खरंच निघालेत ते!"

"मंग?" आबा म्हणाले. "बोललो व्हतो की. बारावा माझा."

"म्हणजे तुम्ही खरंच..."

"पोरगा म्हनतोय, पुढच्या वर्सी येतो. दर साली म्हनतो. आला तर त्यानं पाव्हन्यावानी हाटेलात राहायचं व्हय? एक महिना वर रिकामं ठेवतो मी. चार वर्सं ठेवतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांकडे भाडेकरू टिकत नाही, असं गाव का म्हणायचं! मला वाटायचं, हेल्मेटमुळे. सगळ्या तालुक्यात अकरा महिन्यांचा करार शब्दशः वाचणारी दोनच माणसं होती, आणि ती एका जिन्याच्या दोन टोकांना राहत होती. मधे बसून दोघांना समजावणारी मी तेवढी येडी.

मी आक्कांकडे पाहिलं. त्या युनाच्या केसांत बोटं फिरवत म्हणाल्या, "मी सांगून दमले बाई. पोरगा येल तवा येल, ह्ये लेकरू आज चाललंय."

आबांनी कंगवा सदऱ्याच्या खिशात ठेवला. फोन वाजला.

पोराच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. "आबा, घर मिळालं! त्या बाईंनी दिलं! म्हणाल्या, इतकं खरं सांगणारा घरमालक मी आयुष्यात पाहिला नाही, आणि अशा घरात वाढलेला मुलगा मला चालेल." आक्कांनी तिथूनच आकाशाला हात जोडले. मीही टाळ्या वाजवल्या.

"बेस झालं," आबा म्हणाले. "कागद किती महिन्यांचा?"

"इथं मुदतच नसते, आबा. बिनमुदतीचा कागद. आपण होऊन सोडेपर्यंत घर आपलंच. कोणी काढू शकत नाही. सुटलो बघा एकदाचे!"

"मुदतच न्हाई?"

"नाही."

आबांनी मोबाइल उचलून जवळ घेतला. मग त्यांनी विचारलं, "पानी रोज येतं?"

"चोवीस तास."

"कुत्री?"

"आहेत, पण भुंकत नाहीत."

"भोंगा? भिताडाला ओल?"

"काहीच नाही आबा. एकदम शांत. तुम्ही या ना बघायला."

"मंग काय," आबा म्हणाले, "राहन्यासारखं हाय." त्या रविवारी त्यांनी 'कवा येतोयस' विचारलं नाही. पोरगा खुशीत होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

फोन बंद झाल्यावर आबा उठले. हेल्मेट खुर्चीवरच राहिलं. गुडघ्यावर हात देत, एकेक पायरी करत ते जिना चढू लागले. मी मागे गेले. दार उघडंच होतं. आबांनी चपला काढल्या, स्वतःच्या घरात आणि चपला काढून, आणि खोक्यांच्या मधे उभे राहून हानसाहेबांना म्हणाले, "पानी एक दिसाआड येतं."

हानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायच्या आत ते म्हणाले, "चालेल." आमच्या भागात राहणाऱ्या माणसाला पहिला येतो तो हाच शब्द.

"पहाटं भोंगा वाजतो."

"चालेल."

"कांद्याचा वास येतो. पश्चिमंच्या भिताडाला ओल येती. मालक म्हातारा हाय, डोक्यानं सरकलेला हाय."

"चालेल," हानसाहेब म्हणाले. हानबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आबांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "आन एक खोट मागल्या टायमाला सांगायची राह्यली. मलाबी ठावं नव्हती. ह्या घरातनं गेलेलं मानूस माघारी येत न्हाई. तवा जाऊ नका."

इतकं लांब वाक्य हानसाहेबांना कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांनीही पाहिलं. एकही गाळू नको, असं मला आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आजवर मी गाळलं नव्हतं. या वेळी मी फक्त शेवटचं सांगितलं, "ते म्हणतात, जाऊ नका."

आबांना कळलं असणार, की ही फार थोडं बोलली. पण त्यांनी मान डोलावली. हानसाहेब खाली बसले आणि सगळ्यात जवळच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने उकलायला लागले.